कोसळत्या कर्नलची साक्ष

कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कोसळतो तेव्हा स्टॅकवरचे परतीचे पत्तेच सांगतात, कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले होते. लिनक्सचा इतिहास एकच धडा देतो: ही साक्ष साधी हवी. 2.4 आवृत्तीच्या काळात पडद्यावरचे कोरडे आकडे ‘केसिमऊप्स’ या साधनाने नावांत उलगडावे लागत, 2.6मध्ये कर्नल स्वतःच नावे छापू लागला. हे पत्ते स्टॅकवर शोधायला प्रत्येक फंक्शनची चौकट दाखवणारा फ्रेम पॉइंटर ठेवला, तर माग नीट लागतो, पण जवळपास प्रत्येक फंक्शनवर त्याचा भार पडतो. मग माग काढायला कंपायलरने लिहिलेले तपशीलवार ड्वार्फ तक्ते का नकोत, असा आक्षेप रास्तच आहे. 2006मध्ये 2.6.18त ते आलेही. पण ते वाचणारा गुंतागुंतीचा कोड ऐन संकटात स्वतःच अडखळू लागला आणि काढला गेला. 2017च्या 4.14मधील ऑर्क तक्त्यांनी तोच विचार सोपा करून टिकवला. संशयास्पद पत्त्याआधी कर्नल आजही ‘?’ छापतो, ही कबुलीच साक्षीला विश्वासार्ह करते.