इंग्रजी ब्रेलचे फाटे

लुई ब्रेलने १८२९ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध केलेल्या लिपीत सहा ठिपक्यांपासून ६३ रचना होतात. इंग्रजीची अक्षरे, अंक, विरामचिन्हे, गणिताची चिन्हे आणि जागा वाचवणारे संक्षेप हे सगळे एवढ्यातच बसवायचे असल्याने एकेका रचनेवर दोन-तीन कामे पडतात. कोणते काम कोणत्या रचनेकडे द्यायचे, यावर इंग्रजी बोलणाऱ्या देशांचे शतकाहून अधिक काळ जमले नाही.

ब्रिटनमध्ये टॉमस आर्मिटेज यांनी १८६८ साली स्थापलेल्या संस्थेने फ्रेंच अक्षरे जशीच्या तशी उचलली. अमेरिकेत मात्र विल्यम बेल वेट यांनी न्यू यॉर्क पॉइंट ही वेगळीच लिपी प्रचारात आणली. तिची उंची दोनच ठिपक्यांची, रुंदी मात्र अक्षरागणिक बदलणारी. बॉस्टनच्या पर्किन्स संस्थेत जोएल स्मिथ यांनी सहा ठिपके कायम ठेवले, पण अक्षरे नव्याने वाटली: जे अक्षर इंग्रजीत जास्त येते त्याला कमी ठिपके. ही अमेरिकन ब्रेल. हिशेब म्हणून दोन्ही लिपी चोखच होत्या. अडचण वाचकाची होती. पुस्तके वेगवेगळ्या छापखान्यांतून वेगवेगळ्या लिपींत निघत आणि एका शाळेत शिकलेल्याला दुसरीकडचे पुस्तक लागत नसे. हेलन केलर यांना वाचनासाठी अशा अनेक लिपी शिकाव्या लागल्या. छापखाने, साचे आणि ग्रंथसंग्रह यांत पैसा अडकलेला असल्याने माघार कोणीच घेत नव्हते.

१९०९ मध्ये न्यू यॉर्क शहराच्या शिक्षण मंडळाने दोन्ही बाजू ऐकून अमेरिकन ब्रेलला कौल दिला. पण ती लिपीही फार टिकली नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेने ब्रिटिश अक्षरे पत्करली, मात्र संक्षेप मोजकेच घेतले. संक्षेपांचा पूर्ण संच १९३२ च्या लंडन करारानंतर सामाईक झाला. तरीही मोठ्या अक्षरांचा प्रश्न उरलाच. अमेरिकन पुस्तकांत मोठ्या अक्षराआधी सहावा ठिपका येई, तर ब्रिटिश पुस्तकांत ही खूण सहसा गाळली जाई. तिने जागा जाते, असे तिथले म्हणणे होते.

खरी फाटाफूट गणितात झाली. ब्रेलमध्ये १ ते ० हे अंक म्हणजे आधी अंकखूण लावलेली पहिली दहा अक्षरेच. त्यामुळे बीजगणितात अंकामागे लगेच अक्षर आले, की हा अंक की अक्षर हे सांगायला आणखी एक खूण लागते. अमेरिकेतील अंध गणितज्ञ अब्राहम नेमेथ यांनी १९५० च्या दशकात पुढे आणलेल्या पद्धतीत अंक एक ओळ खाली उतरवले. अक्षरांशी घोटाळा मिटला, पण त्या खालच्या रचना साध्या मजकुरात विरामचिन्हे असतात. एकटा दुसरा ठिपका नेमेथमध्ये १ आणि गोष्टीच्या पुस्तकात स्वल्पविराम. ब्रिटनने अंक वरच ठेवले. शिवाय अमेरिकेत संगणकाच्या मजकुरासाठी तिसरी पद्धत होती, त्यामुळे तिथल्या विद्यार्थ्याला घरच्या घरीच कंसाच्या निरनिराळ्या खुणा पाठ कराव्या लागत.

१९९१ च्या जानेवारीत खुद्द नेमेथ आणि टिम क्रॅनमर यांनी ब्रेल ऑथॉरिटी ऑफ नॉर्थ अमेरिकेकडे या सर्व पद्धती एकत्र करण्याची मागणी केली. पुढे इंटरनॅशनल कौन्सिल ऑन इंग्लिश ब्रेलने हे काम हाती घेतले आणि त्यातून युनिफाइड इंग्लिश ब्रेल तयार झाले. त्यात नऊ संक्षेप वगळले गेले. डाव्या-उजव्या कंसासाठी जुन्या साहित्यिक ब्रेलमध्ये एकच रचना होती; आता दोन वेगळ्या खुणा आल्या. अंक मात्र वरचेच राहिले, आणि हे नेमेथ यांना रुचले नाही. त्यांनी आपली स्वतंत्र एकीकृत पद्धत मांडली.

नायजेरिया, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी २००५ मध्ये, कॅनडाने २०१० मध्ये आणि ब्रिटनने २०११ मध्ये नवी पद्धत मान्य केली. अमेरिकेचा होकार २०१२ मध्ये आला आणि अंमलबजावणी ४ जानेवारी २०१६ पासून, म्हणजे लुई ब्रेलच्या जन्मदिनी, सुरू झाली. तीही अर्धीच, कारण गणितासाठी नेमेथ पद्धत तिथे कायम राहिली. गणित कोणत्या पद्धतीने शिकवायचे हे राज्ये आपापले ठरवतात, त्यामुळे राज्य बदलणाऱ्या विद्यार्थ्याला अंक पुन्हा शिकावे लागू शकतात.