पाते कोणाच्या हाती? कुरूप कापणाऱ्यांचा विस्मृत इतिहास

२२ सप्टेंबर १८६२. अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी गुलामांच्या मुक्तीची प्राथमिक घोषणा प्रसिद्ध केली, तो हा दिवस. त्याच तारखेचा, त्यांच्याच सहीचा आणखी एक छोटासा कागद आहे. डॉ. झॅकरी यांनी आपल्या पायांवर यशस्वी उपचार केले, अशी ग्वाही त्यात अध्यक्ष देतात.

इसाकार झॅकरी हा मूळचा इंग्लंडचा. थोरामोठ्यांच्या पायांची कुरुपे आणि घट्टे कापणे हा त्याचा व्यवसाय. नावामागे तो ‘डॉक्टर’ लावी. परंतु ही विद्या शिकवणारी आणि परीक्षा घेणारी एकही शाळा तेव्हा ना अमेरिकेत होती, ना इंग्लंडमध्ये. १८६० साली त्याने स्वतःच्या नावावर एक ग्रंथ छापला. तो जॉन आयझेनबर्ग यांच्या १८४५ च्या लंडनमधील पुस्तकावरून उचललेला होता!

मग रुग्णाने विश्वास ठेवायचा तरी कशावर? शिफारसपत्रांवर. राष्ट्राध्यक्षाची सही असलेला कागद हीच त्या काळी या धंद्यातली सर्वोच्च पदवी.

ही उचलेगिरी झॅकरीपासून सुरू झालेली नाही. इंग्रजीतला ‘चिरोपोडिस्ट’ हा शब्द रूढ केला तो लंडनच्या डेव्हिड लो याने, १७८५ च्या आपल्या पुस्तकातून. हात आणि पाय या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने हे भारदस्त नाव घडवले. पुस्तकातला मजकूर मात्र बहुतांशी फ्रेंच पादचिकित्सक लाफोरे याच्या १७८१ च्या ग्रंथाचा. विद्या उसनी, नाव तेवढे स्वतःचे.

कुरूप कापणे हे काम इतके अनाथ का राहिले? आपल्याकडे न्हाव्याच्या धोकटीत वस्तऱ्याशेजारी नराणी असे. युरोपातही वस्तरा आणि शस्त्रक्रिया यांचे नाते जुने आहे. इंग्लंडमध्ये १५४० साली आठव्या हेन्रीच्या काळात न्हावी आणि शल्यचिकित्सक एकाच संघात आले, आणि १७४५ साली कायद्याने विभक्त झाले. शल्यचिकित्सक प्रतिष्ठेच्या पायऱ्या चढत गेले. पायाचे कुरूप त्यांना क्षुल्लक वाटे, आणि न्हाव्यांचा तर शस्त्रक्रियेवरचा हक्कच गेला होता. मधल्या मोकळ्या जागेत फिरते कुरूपकापे शिरले.

काम मात्र क्षुल्लक नव्हते. लिस्टर यांची जंतुनाशक पद्धती १८६७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी, आणि नंतरही बराच काळ, न धुतलेल्या पात्याने घट्ट्याखालची जिवंत कातडी कापली गेली, तर जखम चिघळून पाय, प्रसंगी प्राणही, जाण्याचे भय असे.

या गर्दीत लुई डरलाखर यांचे नाव आदराने घ्यावे लागते. चौथा जॉर्ज, चौथा विल्यम आणि राणी व्हिक्टोरिया या तिघांच्याही पायांची निगा त्यांनी राखली. १८४५ च्या त्यांच्या ग्रंथात पायाच्या पुढच्या भागातील एका मज्जातंतूच्या वेदनेचे वर्णन आहे. पुढे १८७६ मध्ये अमेरिकेच्या थॉमस मॉर्टन यांनी तिच्याविषयी लिहिले आणि नाव मॉर्टन यांचेच चिकटले. या व्यवसायाला कायद्याचे संरक्षण असावे, अशी मागणी करणाऱ्या पहिल्या काही जणांत डरलाखर होते. १८६४ मध्ये ते वारले, तोवर काहीही घडले नव्हते.

पहिली शाळा निघाली न्यूयॉर्कमध्ये, १९११ साली. लंडनमध्ये १९१२ साली चिरोपोडिस्टांची संघटना स्थापन झाली, पुढच्याच वर्षी ब्लूम्सबरी भागात गोरगरिबांसाठी पायांचा दवाखाना उघडला, आणि १९१९ पासून तिथे रीतसर शिक्षण सुरू झाले.

शिकायचे काय, तर मुख्यतः थांबायचे कुठे ते. घट्टा पातळ पापुद्र्यांनी तासायचा. कुरुपाचा टणक गाभा टोकाने सोडवून काढायचा. रक्ताचा थेंबही दिसता कामा नये. १९१५ साली मॉर्गन पार्कर यांनी मुठीला बसवता-काढता येणाऱ्या पात्याचे पेटंट घेतले, आणि प्रत्येक रुग्णासाठी नवे पाते वापरण्याची वाट मोकळी झाली. परंतु खरी कसोटी पाते उचलण्याआधीची. १९२२ पासून इन्सुलिनमुळे मधुमेही अधिक वर्षे जगू लागले. त्यांच्यापैकी अनेकांच्या पायांची संवेदना जाते, रक्तपुरवठा मंदावतो. अशा रुग्णाला कापल्याचे कळतच नाही. म्हणून आधी पायाची नाडी पाहायची, स्पर्श तपासायचा, आणि काही वेळा पाते खाली ठेवायचे. हे शिफारसपत्रातून येत नाही.

ब्रिटिश संसदेने १९६० साली कायदा केला खरा. पण त्याने संरक्षण दिले ते ‘राज्य-नोंदणीकृत’ या बिरुदाला. सरकारी आरोग्यसेवेत काम करायचे तर ही नोंदणी आवश्यक ठरली. बाहेर मात्र कोणीही नुसते ‘चिरोपोडिस्ट’ अशी पाटी लावू शकत होता, आणि लावतही होता. लो याने घडवलेला शब्द पावणेदोनशे वर्षांनंतरही बेवारस होता!

तो बंदिस्त झाला एकविसाव्या शतकात. जुलै २००३ मध्ये नवी नोंदवही उघडली. आधीपासून काम करणाऱ्यांना पुराव्यानिशी नोंदणीसाठी २ वर्षांची मुदत मिळाली, आणि जुलै २००५ नंतर नोंदणीविना ‘चिरोपोडिस्ट’ वा ‘पोडायट्रिस्ट’ म्हणवणे गुन्हा ठरला. नव्याने येणाऱ्याला आता मान्यताप्राप्त पदवी लागते. ती साधारणतः ३ वर्षांची, स्कॉटलंडमध्ये ४.

बारकाईने पाहिले तर या कायद्यानेही राखले ते नावच, पाते नव्हे. ‘फूट हेल्थ प्रॅक्टिशनर’ या नावावर कायद्याचे बंधन नाही. अशी पाटी लावणारे काही जण उत्तम शिकलेले असतात, काही अगदी अल्पशिक्षित. पाटीवर ते दोन शब्द नसले, की आतल्या खोलीत कुरुपावर पाते चालवण्यासाठी ब्रिटनमध्ये आजही पदवी दाखवावी लागत नाही.