दोष कळला, पण मुदत किती? इंजिनांच्या सक्तीच्या तपासणीचा इतिहास

विमानाच्या इंजिनातले सदोष भाग तपासायची आणि बदलायची सक्ती कशी होत गेली, हा आजचा विषय. अपघात झाला की आपण विचारतो, चूक कुणाची? मला आज दुसराच प्रश्न विचारायचा आहे. दोष आहे हे कळल्यावर तो शोधायला मुदत किती दिली?

आधी दोन कागदांतला फरक समजून घेऊ. इंजिन बनवणारी कंपनी 'सर्व्हिस बुलेटिन' काढते. ही कंपनीची शिफारस असते. सरकारी नियामक काढतो ती 'एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह', म्हणजे हुकूम. तो पाळला नाही तर विमान उडवता येत नाही. आपली आजची गोष्ट बरीचशी या दोन कागदांच्या मधल्या काळात घडते.

सुरुवात १९ जुलै १९८९ पासून करू. युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-१० विमान डेन्व्हरहून शिकागोला चाललं होतं. शेपटीतल्या इंजिनाच्या पंख्याची टायटॅनियमची चकती हवेतच फुटली. तिच्या तुकड्यांनी हायड्रॉलिकच्या तिन्ही यंत्रणा निकामी केल्या. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांची ताकद कमीजास्त करत विमान सू सिटीपर्यंत आणलं. विमानात २९६ माणसं होती. त्यांतली ११२ दगावली, १८४ वाचली.

आता ही चकती बघा. तिचं आयुष्य १८,००० सायकल ठरवलेलं होतं. सायकल म्हणजे एक उड्डाण आणि एक उतरणं. ती फुटली १५,५०३ व्या सायकलला. म्हणजे कागदोपत्री तिचं आयुष्य अजून शिल्लक होतं. दोष मात्र जन्मापासूनचा होता. धातू वितळवताना आत एक कडक, ठिसूळ कण राहिला होता आणि तिथून तडा वाढत गेला.

बरं, तपासणी झाली नव्हती का? झाली होती. भागावर चमकणारा रंगद्रव लावायचा, पुसायचा आणि अतिनील प्रकाशात बघायचं. तडा असेल तर त्यात शिरलेला रंग उजळतो. पण बघणारं शेवटी माणूसच. अमेरिकेच्या एनटीएसबी या तपास मंडळाचा निष्कर्ष असा, की १९८८ च्या शेवटच्या तपासणीत हा तडा सापडण्याइतका मोठा होता. तरी तो सुटला. म्हणून नुसतं 'तपासा' म्हणून भागत नाही. कशाने तपासा आणि किती वेळा तपासा, हेही हुकमात यावं लागतं.

आता २०१६ कडे येऊ. २७ ऑगस्टला साउथवेस्ट एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ च्या इंजिनातलं पंख्याचं एक पातं तुटलं. इंजिन होतं सीएफएम५६-७बी. विमान पेन्साकोलाला सुखरूप उतरलं, कुणाला इजा झाली नाही. पात्याच्या मुळाशी तडा गेला होता. कंपनीने तपासणीची शिफारस केली. अमेरिकेच्या एफएए या नियामकाने सक्तीचा प्रस्ताव मांडला तो थेट ऑगस्ट २०१७ मध्ये, म्हणजे वर्षभराने. त्यावर हरकती-सूचना मागवल्या. काही विमान कंपन्यांनी आणखी मुदत मागितली. युरोपच्या नियामकाने मार्च २०१८ मध्ये हुकूम काढला, पण त्यातही मुदत नऊ महिन्यांची होती.

आणि १७ एप्रिल २०१८ ला त्याच कंपनीच्या, तशाच इंजिनाचं पातं तुटलं. इंजिनाच्या आवरणाचे तुकडे आदळून खिडकी फुटली आणि एका प्रवासी महिलेचा मृत्यू झाला. तीन दिवसांनी एफएएचा तातडीचा हुकूम निघाला. ज्या इंजिनांच्या ३०,००० सायकल झाल्या आहेत, त्यांची पाती २० दिवसांत अल्ट्रासाउंडने तपासा. पुढे दर ३,००० सायकलींनी पुन्हा तपासा असं ठरलं, आणि त्याच वर्षी ते अंतर १,६०० वर आणलं गेलं.

आधीचा प्रस्ताव लवकर मंजूर झाला असता तर हेच पातं सापडलं असतं, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. तो प्रस्ताव ठरावीक पात्यांपुरताच होता. पण महिन्यांच्या गोष्टी दिवसांवर आल्या, त्या एका मृत्यूनंतर, एवढं मात्र तारखाच सांगतात.

आपल्याकडेही हे घडलं आहे. एअरबस ए३२० निओच्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनांच्या एका मालिकेत दोष निघाला. दोन्ही इंजिनं सदोष असलेली विमानं फेब्रुवारी २०१८ मध्येच थांबवली होती. एकच इंजिन सदोष असेल तर उडायला परवानगी होती. १२ मार्चला अहमदाबादहून निघालेलं इंडिगोचं विमान इंजिन बंद पडून परत आलं. त्याच दिवशी डीजीसीएने अशी ११ विमानं जमिनीवर ठेवली. त्यांत इंडिगोची ८ आणि मुंबईच्या गोएअरची ३ होती. उड्डाणं रद्द झाली, प्रवासी खोळंबले. पुढे याच जातीच्या इंजिनांत टर्बाइनच्या पात्यांचा प्रश्न आला. नोव्हेंबर २०१९ मध्ये डीजीसीएने इंडिगोला सांगितलं, ३१ जानेवारीपर्यंत ९७ विमानांची इंजिनं सुधारित करून घ्या. पण तेवढी इंजिनं मिळणार कुठून? मुदत ३१ मेपर्यंत वाढवावी लागली.

म्हणजे मुदत नुसत्या धोक्यावर ठरत नाही. सुटे भाग किती आहेत, कारखान्यात जागा किती आहे, किती विमानं थांबली तर देशाची वाहतूक कोलमडेल, हा सगळा हिशोब तिच्यात असतो. हा हिशोब करावाच लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. तो उघड व्हावा, एवढंच माझं म्हणणं. उद्या वर्तमानपत्रात 'इंजिनांच्या तपासणीचे आदेश' अशी बातमी दिसली, तर मथळ्यावर थांबू नका. मुदत किती दिली ते शोधा, आणि त्या मुदतीत ते विमान किती वेळा उडणार आहे, तेही मोजा.