शून्यही रविवार, सातही रविवार



गेल्या रविवारी पहाटे साडेतीनला फोन केकाटला. त्या आठवड्याचा ऑनकॉल मी. दर रविवारी एकदा चालणारा एक जॉब चक्क दोनदा चालला होता आणि लोकांना एकाच बिलाचे दोन-दोन मेल गेले होते. तासभर लॉग चाळल्यावर भानगड सापडली. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो: क्रॉन नावाचा एक प्रोग्राम ठरलेल्या वेळी ठरलेली कामं उरकतो, आणि त्याला वार आकड्यांत सांगावे लागतात. सोमवार १, मंगळवार २, असं करत शनिवार ६. रविवार मात्र ० लिहिला तरी चालतो आणि ७ लिहिला तरी चालतो. आमच्याकडे कुणीतरी ० लिहून ओळ टाकलेली, नंतर दुसऱ्या कुणीतरी ७ लिहून तीच ओळ पुन्हा टाकलेली. दोन्ही इमानदारीत चालल्या.

एक ओळ उडवली. झोप उडाली ती उडालीच. चहा घेऊन बाल्कनीत बसलो आणि डोक्यात किडा वळवळायला लागला. रविवार आठवड्याचा पहिला दिवस की शेवटचा? हसू नका. या प्रश्नावरून ख्रिस्ती धर्मात शेकडो वर्षं वाद चालू आहे, आणि आपण ज्या वीकेंडची बुधवारपासून वाट बघतो त्यातला रविवार त्याच वादातून आलाय. निदान अर्धा तरी.

'शब्बाथ' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो जळगावला, इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर. माझा रूममेट नवापूरकडचा. (नवापूर आता नंदुरबार जिल्ह्यात, पण १ जुलै १९९८ला नंदुरबार वेगळा होईपर्यंत ते धुळे जिल्ह्यातच होतं.) विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे मिशनरी पश्चिम खानदेशात आले, आदिवासी पाड्यांवर फिरले. त्या पट्ट्यात आज बरीच ख्रिस्ती कुटुंबं आहेत, हा त्यातलाच. रविवारी सकाळी आम्ही तोंडावर पांघरूण घेऊन पडलेलो असायचो तेव्हा हा आंघोळ करून, भांग पाडून प्रार्थनेला निघालेला असायचा. एकदा सोमवारी सबमिशन होतं. सगळं हॉस्टेल फाइली रंगवत बसलेलं आणि हा दुपारी एक वाजता शांतपणे परत आला. मी म्हटलं, "तुझा देव सबमिशन देणार आहे का रे?" तर त्याने आज्याची गोष्ट सांगितली.

आजा रविवारी औत धरायचा नाही म्हणे. एका वर्षी पावसाने बरीच वाट बघायला लावली आणि नेमका रविवारी वाफसा आला. शेजारीपाजारी सगळे पेरायला गेले. आज्याने बैल गोठ्यातून सोडलेच नाहीत. मी विचारलं, "मग, पीक कमी आलं का?" "ते नाही माहीत," तो म्हणाला, "पण बैल खूश झाले असतील." आम्ही खो खो हसलो होतो. त्याच रात्री त्याने मला त्याचं मराठी बायबल उघडून दाखवलं, आणि तेव्हापासून ही गोष्ट डोक्यात आहे.

बायबलमध्ये दहा आज्ञा दोन ठिकाणी येतात, 'निर्गम' पुस्तकात आणि 'अनुवाद' पुस्तकात. शब्बाथ पाळा ही आज्ञा दोन्हीकडे आहे, पण कारण वेगळं! निर्गमात कारण असं की देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी थांबला. (हिब्रू 'शब्बाथ'चा मूळ अर्थ थांबणे. आराम वगैरे नंतरचं.) अनुवादातलं कारण एकदम जमिनीवरचं आहे: तुम्ही मिसर देशात गुलाम होता हे विसरू नका. आणि पुढे यादी. थांबायचं ते फक्त मालकाने नाही. मुलगा, मुलगी, गडी, मोलकरीण, बैल, गाढव, वेशीच्या आत राहणारा परका माणूस, सगळ्यांनी. मला तरी ही यादी फार भारी वाटते. सुट्टी देवाची, पण तिचा खरा हक्कदार गडी आणि बैल.

अर्थात नियम झाला की नियमाचे वकील येतात. काय काय केलं म्हणजे 'काम' केलं, याचा कीस काढणं सुरू झालं. येशूचे शिष्य शब्बाथच्या दिवशी शेतातून जाताना कणसं मोडून खातात आणि परूशी लोक आक्षेप घेतात, तो प्रसंग याच वादाचा. येशूने त्यांना सुनावलं त्याचा मथितार्थ एवढाच की नियम माणसासाठी केलाय, माणूस नियमासाठी नाही.

हा शब्बाथ म्हणजे शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी मावळेपर्यंत. मग रविवार कुठून आला? तर येशूचं पुनरुत्थान झालं ते आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणून ख्रिस्ती लोक त्या दिवशी जमायला लागले. जमायला, सुट्टी घ्यायला नव्हे. रोमन साम्राज्यात रविवार हा कामाचाच दिवस होता. इ.स. ११२च्या सुमारास प्लिनी नावाचा सुभेदार सम्राटाला कळवतो की हे लोक एका ठरावीक दिवशी उजाडायच्या आत जमतात. त्यांच्यात गुलामही असायचे, त्यांना दिवसा कोण सोडणार? म्हणजे पहिल्या ख्रिस्ती लोकांचा रविवार हा शिफ्टच्या आधीचा रविवार होता. पहाटे साडेतीनला उठलेल्या माणसाला हे लगेच कळतं :-)

सुट्टी दिली ती सम्राट कॉन्स्टंटाइनने, ७ मार्च ३२१ रोजी. त्याच्या हुकमात येशूचं नाव नाही. सूर्याच्या पूज्य दिवशी न्यायाधीशांनी, शहरी लोकांनी आणि कारागिरांनी काम बंद ठेवावं, असा तो हुकूम. आणि लगेच पुढे अपवाद: खेड्यातल्या शेतकऱ्यांना मोकळीक, कारण पेरणीचा योग्य दिवस हुकला तर गेला. म्हणजे वाफसा! नवापूरचा आजा रोमच्या बादशहापेक्षा कडक निघाला की.

हा अपवाद लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच शतकात लाओदिकियाच्या धर्मसभेने ठरवून टाकलं की ख्रिस्ती माणसाने शनिवारी रिकामं बसू नये, रविवारी जमेल तसं थांबावं. तरी वाद मिटला नाहीच. इंग्लंडात प्युरिटनांनी जुन्या शब्बाथचे सगळे कडक नियम उचलून रविवारवर बसवले, आणि १६७७मध्ये तर रविवारी धंदा करायला बंदी घालणारा कायदाच झाला. उलट अमेरिकेत १८६३मध्ये संघटित झालेले सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट म्हणाले, सातवा म्हणजे सातवा, शनिवारच. पुण्यात औंध रोडला त्यांचं स्पायसर विद्यापीठ आहे, तिथे शनिवार पाळतात. आणि आपल्या कोकणात? कुलाबा जिल्ह्यातले बेने इस्राएल तेलघाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांचं नावच ठेवलं शनवार तेली. घाण्याचा बैलही त्या दिवशी मोकळा. अनुवादाची यादी जशीच्या तशी!

आता आपल्याकडे बघू. वार आपल्याकडेही जुनेच. मध्य प्रदेशातल्या एरणच्या शिलालेखात इ.स. ४८४मधल्या एका तिथीबरोबर गुरुवार नोंदलाय. पण सुट्टी वारावर नसायची. पाठशाळेत अनध्याय असायचे ते प्रतिपदा, अष्टमी, पौर्णिमा, अमावस्या असे चंद्राच्या हिशोबाने. रविवार सुट्टीचा नव्हता, पण देवाचा होता. आमच्या खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी उठते. रोटांसाठी पुण्या-मुंबईची भाऊबंदकी गावी जमते. तिचं नातं सूर्याशी लावतात. कॉन्स्टंटाइनचा सूर्याचा वार आणि कानबाईचा वार एकच, हा योगायोग मला उगाच आवडतो.

सुट्टीचा रविवार आला कंपनी सरकारबरोबर. वेलस्लीने रविवारच्या घोड्यांच्या शर्यती बंद केल्या, १७९९मध्ये वर्तमानपत्रं रविवारी काढायला बंदी घातली. पुढे १८४०च्या दशकात हार्डिंजने सरकारी कामं रविवारी बंद ठेवायचा हुकूम काढला. साहेबाला चर्चला जायचं होतं म्हणून कचेरी बंद, कचेरी बंद म्हणून कारकुनाला सुट्टी. एवढाच तो मामला. मुंबईच्या कापडगिरण्यांत मात्र दिवस उजाडला की मशीन सुरू, मावळला की बंद, आणि ठरलेली अशी आठवड्याची सुट्टी नाही. १८८१च्या फॅक्टरी कायद्याने महिन्यात चार सुट्ट्या दिल्या, पण फक्त ७ ते १२ वर्षांच्या मुलांना. (हो, सात वर्षांची मुलं. कायद्याने.)

इथे येतात नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेले, आणि १८८०पासून मुंबईत 'दीनबंधु' चालवणारे. सप्टेंबर १८८४मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारच्या फॅक्टरी कमिशनकडे दिलं. त्यातली पहिली मागणी: दर रविवारी पूर्ण दिवस सुट्टी. मग दुपारी अर्धा तास विश्रांती, साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत. रविवारच का, यावर लोखंड्यांचा म्हणून सांगितला जाणारा युक्तिवाद झकास आहे: रविवार हा खंडोबाचा वार. चर्चचा दिवस मागितला, पण आपल्या देवाच्या नावाने.

मालक काही लगेच ऐकले नाहीत. २४ एप्रिल १८९०ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि दोन कामगार बायकांनी तिथे भाषणं केली. १८९०मध्ये! अखेर १० जून १८९०ला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. भारतात फॅक्टरी कायदा हवा म्हणून लँकेशायरचे कापडवालेही ओरडत होते, त्यांना मुंबईची स्पर्धा नको होती. पुण्याचं काम पापी लोकांच्या मदतीनेही होतं. असो. लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ला प्लेगात गेले.

म्हणून म्हणालो, अर्धा. दिवस चर्चने ठरवला, पण सुट्टी मिळवली ती कामगारांनी. 'मिसरातली गुलामी आठवा' हे कारण मला वेलस्लीच्या हुकमात सापडत नाही, लोखंड्यांच्या निवेदनात सापडतं. आणि गंमत म्हणजे लोखंड्यांचा कायदाही कॉन्स्टंटाइनसारखा शेताच्या बांधावर येऊन थांबला. आमच्या घरातच बघा ना. अमळनेरला १९०६मध्ये प्रताप मिल निघाली. पुढे माझ्या आजोबांचा थोरला भाऊ तिथे लागला, त्याला आठवड्याची सुट्टी. आजोबा शेतात राहिले. त्यांना पोळा आणि आखाजी.

आमच्याकडे आजही सालदार आहे. आखाजी ते आखाजी असा त्याचा करार. मी लहान असल्यापासून तोच. त्या सकाळी दहाला घरी फोन लावला, सहज विचारलं की काका कुठे आहेत? आप्पा म्हणाले, झोपलाय गोठ्यात, रात्रीची लाईट होती, पहाटेपर्यंत मक्याला पाणी भरत होता. म्हणजे साडेतीनला आम्ही दोघंही जागे. मला दुसऱ्या दिवशी कॉम्पऑफ मिळाला.

मी म्हटलं, "आप्पा, काकांना रविवारी सुट्टी देऊया का?"

"आज काब्रं इचारस?" मग थोडं थांबून, "बैलस्ले चारा कोन टाकी?"

"तुम्ही."

आप्पा बराच वेळ हसले. संध्याकाळी मात्र त्यांचाच फोन आला. त्यांनी काकांना विचारलं होतं. काका म्हणाले, रविवार घेऊन काय करू, द्यायचाच असेल तर बाजाराचा दिवस द्या. आप्पांनी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. आखाजीला नवा करार होईल तेव्हा बघू म्हणालेत. मी त्या दिवसाची रजा टाकली आहे.