भारीची धावपट्टी आणि पॅनेलमागच्या वायरी

लहान विमानाचे पॅनेल बदलायला घेतले की आधी ते मागून बघावे. स्क्रू काढून ॲल्युमिनियमचा पत्रा पुढे ओढला की विमानाचे सगळे आयुष्य तिथे लोंबकळताना दिसते. व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या, केव्हाच निघून गेलेल्या रेडिओच्या कापून टेप गुंडाळलेल्या वायरी, वेगवेगळ्या मेकॅनिकांनी वेगवेगळ्या दशकांत बांधलेल्या गाठी. मी नोकरीभर विमानांच्या इन्स्ट्रुमेंटचेच काम केले. मूळचा मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याचा. चुलत्याचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. चिमटा, भिंग आणि हेअरस्प्रिंग तिथेच हाताला लागली. पुढे पहिल्यांदा अल्टिमीटर उघडला तेव्हा आत तीच दातेरी चाके आणि तीच खड्यांची बेअरिंगे दिसली, आणि या कामात आपला निभाव लागेल असे वाटले.

निवृत्तीनंतर एका मालकाच्या जुन्या सेसना १७२ चे पॅनेल बदलताना मी सल्ल्यापुरता सोबत होतो. हे विमान नागपूरहून आमच्या यवतमाळजवळच्या भारी गावच्या धावपट्टीवर अधूनमधून येते. ते काम चालू असताना एक गोष्ट पक्की कळली. यवतमाळच्या विमानप्रवासाचा इतिहास जमिनीवर फारसा घडलाच नाही. जे घडले ते पॅनेलमध्ये.

जमिनीवरचा इतिहास चार ओळींत संपतो. यवतमाळ शहराजवळ भारी गावाची धावपट्टी आहे, तिला जवाहरलाल दर्डांचे नाव आहे. २००९ मध्ये राज्य सरकारने नांदेड, लातूर, बारामती, उस्मानाबाद यांच्यासोबत ती दीर्घ मुदतीच्या भाड्याने रिलायन्सकडे दिली. नेमाची प्रवासी सेवा तिथे रुजली नाही. ढगातून विमान खाली आणणारी आयएलएस यंत्रणाही नाही. मंत्री, उद्योगपती किंवा हौशी वैमानिक इथे उतरतो तो स्वतःच्या डोळ्यांवर आणि समोरच्या पॅनेलवर विसंबून.

डोळ्यांसाठी मात्र हा जिल्हा चांगला आहे. जुने पायलट नागपूरहून निघाले की वर्धा नदी ओलांडताना घड्याळ बघत, मग डाव्या हाताला हैदराबादकडे जाणारा हमरस्ता आणि त्यापलीकडे वणीकडच्या कोळशाच्या काळ्या खाणी. पुढच्या काळात बेंबळा धरणाचे पाणी आले, तेही दुरून चमकते. दक्षिणेला पैनगंगा दिसली की जिल्हा संपला. आणि सगळ्यांत भरवशाची खूण म्हणजे आमची शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटरचा तो नॅरोगेज रूळ कापूस वाहण्यासाठी टाकला होता. वाट चुकलेल्या वैमानिकाने तो रूळ धरला की एका टोकाला यवतमाळ सापडणारच. लहानपणी मी त्या गाडीत बसून दारव्ह्याहून कितीदा गेलो, पण वरून कुणी तिच्याकडे बघून दिशा ठरवत असेल हे तेव्हा सुचणे शक्य नव्हते.

हे सारे हवा स्वच्छ असेपर्यंत. मे महिन्यात धुळीने क्षितिज पुसले जाते, आणि श्रावणात यवतमाळच्या पठारावर ढग इतके खाली येतात की टेकड्यांची डोकी दिसत नाहीत. तेव्हा माणसाच्या शरीराचा काही उपयोग नसतो. हे नीट मोजलेले आहे. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात इन्स्ट्रुमेंटवर उडण्याचे शिक्षण न घेतलेल्या २० वैमानिकांना ढगासारखी स्थिती निर्माण करून विमान चालवायला दिले. विसाच्या विसांचा ताबा सुटला, आणि त्याला सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटेसुद्धा नाहीत. कानातला तोल सांभाळणारा द्रव फसतो, विमान वळत असते आणि माणसाला वाटते आपण सरळ चाललो आहोत.

यावरचा इलाज त्याच्या पंचवीस वर्षे आधीच सापडला होता. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवरून जिमी डूलिटल या वैमानिकाने झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून, बाहेरचे काहीही न बघता विमान उडवले, फिरवले आणि उतरवले. पंधरा मिनिटांचे उड्डाण. त्याच्यासमोर स्पेरी कंपनीचे कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक जायरो होता, आणि जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या पॉल कोल्समनचा नवा, बारीक फरक दाखवणारा अल्टिमीटर होता. आज जगातल्या प्रत्येक लहान विमानाचे पॅनेल त्या पंधरा मिनिटांचे वारस आहे. जायरो म्हणजे वेगाने फिरणारा भोवरा. फिरत असतो तोवर आपली दिशा सोडत नाही. विमान कितीही कलले तरी तो कलत नाही, म्हणून त्याच्याशी तुलना करून विमानाचा कल कळतो.

पुढे यातून सहा डायलांची मांडणी ठरली, दोन ओळींत तीन-तीन. वरच्या ओळीत वेग, क्षितिज, उंची. खालच्या ओळीत वळण, दिशा, चढ-उतार. वेग, उंची आणि चढ-उतार ही तीन इन्स्ट्रुमेंटे बाहेरच्या हवेच्या दाबावर चालतात. क्षितिज आणि दिशा यांचे जायरो बहुतेक विमानांत इंजिनावरच्या व्हॅक्यूम पंपाने ओढलेल्या हवेवर फिरतात, आणि वळणदर्शक विजेवर. ही वाटणी मुद्दाम केलेली आहे. एक दगावले तर दुसऱ्याने तारावे.

आपल्याकडे लहान विमानाचा इतिहास सांगायचा तर विष्णू माधव घाटगे यांचे नाव घेतलेच पाहिजे, आणि मराठी माणसाने ते जितके घ्यावे तितके घेतलेले नाही याचे मला दुःख आहे. कोल्हापूर जिल्ह्यातला हा माणूस जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकला आणि बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आला. त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले एचटी-२ हे शिकाऊ विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी उडाले. १९५८ मध्ये पुष्पक आले. दोन आसनांचे, कापडाने मढवलेले, ९० अश्वशक्तीचे. देशभरच्या फ्लाइंग क्लबांत एक पिढी त्याच्यावर शिकली. त्याच्या पॅनेलवर मोजकीच इन्स्ट्रुमेंटे असत. वेग, उंची, इंजिनाचे फेरे, तेलाचा दाब आणि होकायंत्र. बाकी सगळे खिडकीबाहेर. माझे गुरुजी म्हणत, ‘पुष्पकवर शिकलेला पोरगा आवाजावरून वेग सांगतो.’ ते खरे होते.

नागपूर जवळ असल्यामुळे रात्रीच्या उड्डाणाशीही आमचा संबंध जुना आहे. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथून टपालाची विमाने मध्यरात्री नागपूरला जमत, पिशव्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. मुंबई–नागपूर ही रेषा आमच्या जिल्ह्याच्या उत्तर अंगाने जाते. खाली अंधार, वर डकोटा विमानाचा घोंगाट आणि वैमानिकासमोर हिरवट चमकणारे आकडे.

त्या काळातले एक इन्स्ट्रुमेंट या सेसनाच्या पॅनेलमध्ये अजून होते. एडीएफ. मध्यम लहरींचे रेडिओ केंद्र लावले की याचा काटा त्या केंद्राकडे वळतो, मग ते विमानतळाचे बीकन असो की आकाशवाणी. १९८८ मध्ये आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी नागपूरच्या १ मेगावॅटच्या प्रक्षेपकावरून सुरू झाली. रात्री ती जवळजवळ देशभर ऐकू येई. असे केंद्र लावावे, गाणी ऐकावीत आणि काट्यामागे घरी यावे. पण काटा नागपूरकडे वळे, यवतमाळकडे कधीच नाही. यवतमाळची आकाशवाणी एफएमवर आहे, आणि एफएम लहरी एडीएफला कळत नाहीत. आमच्या गावाला काट्याने ओळखावे अशी सोय कधी झालीच नाही. तो एडीएफचा डबा काढताना माझा हात थोडा रेंगाळला, पण काढला, आणि तेच योग्य होते.

खरी बदलण्याजोगी गोष्ट होती व्हॅक्यूम पंप. त्यात कार्बनच्या पात्या असतात. त्या झिजत जातात आणि एके दिवशी काही न सांगता तुटतात. पंप गेला की क्षितिजाचा काटा लगेच पडत नाही. जायरोचा वेग हळूहळू मंदावतो आणि क्षितिज हळूहळू खोटे बोलू लागते. ढगात हे फार घातक. अमेरिकेत या एका कारणाने कित्येक जीव गेले. नव्या इलेक्ट्रॉनिक इन्स्ट्रुमेंटात फिरणारा भागच नाही; नखाएवढ्या चिपा कल मोजतात आणि इन्स्ट्रुमेंटाची स्वतःची बॅटरी असते. गार्मिन कंपनीचे जी५ हे असे इन्स्ट्रुमेंट जुन्या प्रमाणित विमानांसाठी २०१६ मध्ये मंजूर झाले, २०२० मध्ये जीआय २७५ आले. ते तर सव्वातीन इंचांहून किंचित लहान, म्हणजे ३⅛ इंचाच्या जुन्याच भोकात बसते. पत्रा कापावा लागत नाही. मालकाला मी तेच सुचवले. मनाला येईल ते बसवता येत नाही, हेही सांगितले. त्या मॉडेलसाठी मंजूर झालेला बदल हवा, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची मान्यता हवी, आणि काम झाल्यावर वजन व तोल पुन्हा काढून कागदावर यायला हवा.

पण काचेचा पडदा बसवला म्हणजे सुरक्षितता आपोआप येते, हे खोटे आहे. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने २०१० मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. २००२ ते २००६ मध्ये बनलेल्या ८ हजारांवर लहान विमानांची तुलना केली. पडदेवाल्या विमानांचे एकूण अपघात कमी निघाले, पण प्राणघातक अपघातांचे प्रमाण जास्त निघाले. पडद्याच्या भरवशावर लोक वाईट हवेत जास्त लांब जातात, आणि पडदा बिघडला तर काय करायचे याचा सराव नसतो. म्हणून मी या सेसनात वेगाचा आणि उंचीचा जुना यांत्रिक डायल ठेवायला लावला. विजेशिवाय चालणारे काहीतरी समोर हवेच. अमरावतीच्या बेलोऱ्याला आता एअर इंडियाची मोठी वैमानिक शाळा उभी राहते आहे. तिच्यासाठी मागवलेली ३१ पायपर आणि ३ डायमंड विमाने पडद्यांचीच आहेत. तिथल्या शिक्षकांनी मुलांना पडदा झाकून उडवावे, एवढे माझे मागणे आहे.

पॅनेलमधल्या या बदलाने यवतमाळला काय मिळाले? फार मोठे मिळू शकते. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने उभारलेली गगन प्रणाली उपग्रहांवरून जीपीएसच्या चुका दुरुस्त करून देते. २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातल्या किशनगडला इंडिगोचे एटीआर विमान गगनच्या आधारे उतरले. म्हणजे धावपट्टीशेजारी महागडे खांब आणि ॲन्टेना न उभारता, पॅनेलमधल्या रिसीव्हरवर, ढगातून नेमक्या वाटेने खाली येता येते. आयएलएस जिथे कधी परवडणार नाही अशा भारीसारख्या धावपट्टीला हा मार्ग खुला आहे. त्यासाठी त्या धावपट्टीचा सर्वेक्षण केलेला, मंजूर नकाशा मात्र हवा.

आणि आणखी एक हवे. कोल्समनने अल्टिमीटरला एक लहान खिडकी दिली, तिच्यात जमिनीवरचा दाब फिरवून लावायचा. आजच्या सगळ्यांत महाग पडद्यावरही तो आकडा माणसालाच भरावा लागतो. विदर्भात जानेवारी आणि जून-जुलै यांच्या दाबात साधारण १५ हेक्टोपास्कलचा फरक पडतो, म्हणजे उंचीत सुमारे चारशे फूट. तो आकडा शंभर किलोमीटरहून लांबच्या नागपूरचा वापरून ढगाखाली येणे ही जोखीम आहे. राज्य सरकारला माझी विनंती आहे: जिल्ह्याच्या धावपट्ट्यांवर इमारती, फलक आणि उद्घाटने नंतर करा. आधी भारीला दाब, वारा आणि दृश्यता मोजून रेडिओवर आपोआप सांगणारे यंत्र बसवा, आणि गगनचा उतरण्याचा मार्ग मंजूर करून घ्या.