वनस्पतीतही जीव आहे, मग रेषा कोठे ओढायची? नरसी, शिरड शहापूर आणि एकादशीचा बटाटा

शाकाहाराचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : भाजी चिरताना तिच्यात जीव नसतो काय? विचारणाऱ्याला वाटते की आपण मोठा पेच टाकला. आपल्या परंपरेला हा पेच फार जुना आहे आणि त्याचे दोन धागे एकट्या हिंगोली जिल्ह्यात सापडतात.

पहिला धागा कयाधू नदीकाठच्या नरसीचा. संत नामदेवांचे (१२७०–१३५०) हे जन्मगाव मानले जाते. जन्मस्थानाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, त्यांत येथे शिरत नाही. बाल नामदेवांची एक आख्यायिका घरोघरी सांगतात. आईने औषधासाठी झाडाची साल आणावयास सांगितली. मुलाने साल आणली, पण नंतर स्वतःच्या पायाची कातडी तासली. कारण विचारता तो म्हणाला की झाडाला काय वाटले असेल ते पाहत होतो. आख्यायिकेला समकालीन पुरावा नसतो आणि येथेही तो मागू नये. पिढ्यानपिढ्या ती सांगणाऱ्यांना झाडाच्या वेदनेची कल्पना मुळीच परकी वाटली नाही, ही बाब इतिहासाच्या विद्यार्थ्याला अधिक मोलाची.

परकी वाटण्याचे कारणही नव्हते. मनुस्मृतीच्या पहिल्याच अध्यायात वनस्पतींना आंतरिक जाणीव व सुखदुःख असल्याचे म्हटले आहे. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू भरद्वाजाला समजावतो की वृक्ष ऐकतात, पाहतात, गंधही घेतात. १९०१ साली जगदीशचंद्र बोस यांनी लंडनमध्ये वनस्पतींच्या प्रतिसादाचे प्रयोग दाखविले, तेव्हा ‘आमच्या ग्रंथांत हे होतेच’ असा सूर आपल्याकडे उमटला. तो थोडा उतावळा होता. ग्रंथांत तर्क आणि श्रद्धा होती, उपकरण व मोजमाप नव्हते.

दुसरा धागा शिरड शहापूरचा. येथील मल्लिनाथांचे मंदिर दिगंबर जैनांचे प्रसिद्ध क्षेत्र आहे. जैन दर्शनाने ‘जीव आहे की नाही’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘इंद्रिये किती’ असे विचारले. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात ही उतरंड स्वच्छ मांडलेली आहे : वनस्पती एकेंद्रिय, तिला केवळ स्पर्श. पुढे कृमी, मुंगी, भुंगा, मनुष्य या क्रमाने एकेक इंद्रिय वाढत जाते. गृहस्थाला एकेंद्रियांची हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही; म्हणून त्याची रेषा दोन इंद्रियांपासून वर पक्की आणि खाली शक्य तितकी संयमाची.

या खालच्या भागातच खरी गंमत आहे. सगळ्या वनस्पती सारख्या नाहीत. काहींच्या एका देहात एक जीव, तर कंदमुळांच्या एका देहात अनंत जीव, म्हणून ती ‘अनंतकाय’. कांदा, लसूण, मुळा, गाजर, आले वर्ज्य. वड, पिंपळ, उंबर अशी पाच फळेही वर्ज्य, कारण त्यांच्या पोटात किडे असतात. (उंबर फोडून पाहिलेल्यास अधिक सांगणे न लगे.) मधही नाही.

आता एकादशीला नरसीच्या वारकरी घरात डोकावू. माळकऱ्याला मांस वर्ज्य. चातुर्मासात अनेक घरांतून कांदा, लसूण, वांगी हद्दपार, आणि त्यासाठी आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी साजरी करून निरोपही दिलेला. पण एकादशीच्या ताटात काय असते? रताळे, बटाटा, साबुदाणा. वर्ज्य असतात ती तांदूळ, गहू ही धान्ये. ऋषींचा आहार कंदमुळांचा, म्हणून कंद पवित्र! एका घरी जो कंद अनंत जीवांचा म्हणून ताटाबाहेर, तोच दुसऱ्या घरी उपवासाचे अन्न. त्यात बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, शब्दही पोर्तुगीजांकडून आलेला. शेंगदाणा आणि ज्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंदही त्याच खंडातले. दोन्ही परंपरांना या पाहुण्यांविषयी जुन्या ग्रंथांत आधार मिळणे शक्यच नव्हते. तरीही दोघींनी आपापल्या तत्त्वानुसार त्यांना जागा नेमून दिली. शाकाहाराची रेषा निसर्गाने आखून दिलेली नाही, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

म्हणूनच ही रेषा दुसऱ्याची पायरी ठरविण्यासाठी वापरली जाते, तेव्हा महाभारताच्या वनपर्वातील धर्मव्याध आठवतो. मिथिलेतील हा मांसविक्रेता. स्वतः प्राणी मारत नाही, मांस खातही नाही, पण दुकान मांसाचे. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण त्याच्याकडे धर्म शिकण्यास येतो आणि धंदा पाहून अस्वस्थ होतो. व्याध त्याला सांगतो की नांगर जमिनीत शिरतो तेव्हा असंख्य जीव मरतात. तांदळासारखी धान्याची बीजेही जीवच आहेत. चालताना पायाखाली काय चिरडते ते कोण पाहतो? जगात अहिंसक असा कोणी नाही. यत्नाने हिंसा कमी मात्र करता येते. ऐकणारा ब्राह्मण, सांगणारा खाटकाच्या दुकानातला, आणि संपूर्ण संवादात व्याध एकदाही कौशिकाचा आहार काढत नाही. उलट घरी सोडून आलेल्या वृद्ध आईबापांची आठवण करून देतो. कौशिकाने त्याला प्रदक्षिणा घातली आणि तो त्यांच्या सेवेसाठी परत गेला.