केंद्रप्रमुख : एका कल्पनेचा प्रवास

केंद्रप्रमुखपदावर असतानाच्या माझ्या बारा डायऱ्या मी जपून ठेवल्या आहेत. या लेखाच्या निमित्ताने त्या पुन्हा उघडल्या. १९९६ सालच्या डायरीत पानोपानी पाठांच्या नोंदी आहेत : कोणत्या इयत्तेला काय शिकवले, मुले कुठे अडली, गुरुजींनी मग काय केले. २००७ सालच्या डायरीत पटसंख्या, तांदूळ, वर्गखोल्या आणि शौचालये यांचे आकडे आहेत. पाठाची नोंद एकही नाही. माणूस तोच, केंद्र तेच. मग मधल्या काळात काय झाले? उत्तर शोधताना मला माझ्या नेमणुकीच्याही बरेच मागे जावे लागले.

शाळा तपासणीची आपली रीत इंग्रजी अमदानीतली. खेड्यातल्या शाळेच्या दृष्टीने शिक्षण खाते म्हणजे ‘दिपोटी’. तो येई, मुलांची परीक्षा घेई आणि शेरा लिहून जाई. मास्तरांना तपासणारा माणूस होता. शेजारी बसून ‘हा धडा असा घेऊन पाहू या का?’ असे विचारणारा नव्हता. एकशिक्षकी शाळेतला मास्तर आयुष्यात दुसऱ्याचा वर्ग न पाहताच निवृत्त होऊ शके.

हे एकटेपण हा व्यवस्थेचा दोष आहे, असे ठामपणे मांडले ते १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने. आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. खेड्यातली शाळा त्यांनी जवळून पाहिली होती. आयोगाने ‘शाळा संकुल’ सुचवले : एका माध्यमिक शाळेभोवती परिसरातल्या प्राथमिक शाळा जोडायच्या, ग्रंथालयाची पुस्तके शाळाशाळांतून फिरवायची, प्रयोगाचे साहित्य वाटून वापरायचे आणि शिक्षकांनी एकत्र बसून आपल्या अध्यापनाचा विचार करायचा. नेतृत्व शिक्षकांतूनच उभे राहावे, वरून येणाऱ्या तपासनिसावर सारे अवलंबून नसावे, हा त्यामागचा विचार होता. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शाळा संकुलांचा पुरस्कार केला.

महाराष्ट्रात या विचाराला पद मिळाले ते १४ नोव्हेंबर १९९४ च्या शासन निर्णयाने. राज्यात ४८६० केंद्रप्रमुखांची पदे निर्माण झाली. याच सुमारास जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि गट साधन केंद्र, समूह साधन केंद्र हे शब्द शिक्षकांच्या तोंडी रुळले. साधारण दहा-पंधरा शाळांचे एक केंद्र, त्यावर शिक्षकांतूनच आलेला प्रमुख आणि ठरावीक काळाने गट संमेलन, असा तो आराखडा होता.

गट संमेलनाचा कणा म्हणजे आदर्श पाठ. एका शिक्षकाने मुलांसमोर शिकवायचे, बाकीच्यांनी मागे बसून पाहायचे, मग चर्चा. पहिल्या वर्षी एका द्विशिक्षकी शाळेतल्या तरुण बाईंनी हातच्याची वजाबाकी घेतली. पाठ फसला. पळ्यावर ‘एक दशक मोडून दहा एकक’ झाले, पण मुलांच्या डोक्यात काही मोडले नाही. चर्चेत एक ज्येष्ठ गुरुजी उठले. मला वाटले, आता बाईंना बोलणी बसणार. ते म्हणाले, “माझ्याही वर्गात हेच होतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं.” त्या दिवशी आम्ही दोन तास काड्यांचे गठ्ठे सोडत आणि बांधत बसलो. पुढच्या महिन्यात त्याच बाईंनी तोच पाठ पुन्हा घेतला. डायरीत त्यापुढे मी लिहिले आहे : ‘२३ पैकी १८ मुलांना जमले.’

मग हे थांबले का? १५ ऑगस्ट १९९५ रोजी शालेय पोषण आहार योजना सुरू झाली. ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला ३ किलो धान्य मिळू लागले. योजना मोलाचीच होती. पण हजेरीचा आणि तांदळाचा हिशेब शाळाशाळांतून गोळा कुणी करायचा? शाळांत रोज फिरणारा एकच माणूस होता. पुढे सर्व शिक्षा अभियान आले. बांधकामे आली, सर्वेक्षणे आली. प्रत्येक कागद ‘तातडीचा’ असे. गट संमेलनात आधी माहिती भरून घ्यायची आणि वेळ उरला तर पाठ, अशी पद्धत पडली. वेळ उरत नसे. सुरुवातीला मला ‘सर’ म्हणणारे सहकारी ‘साहेब’ कधी म्हणू लागले, हे माझ्या लक्षातही आले नाही. त्याच बाईंनी एकदा विचारले, “साहेब, माझा वर्ग पाहायला कधी येणार?” मी म्हणालो, “आधी तक्ता द्या.” हे वाक्य कुठल्याही परिपत्रकात नव्हते. ते माझे होते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपण्यास मनाई केली. पण माहितीचे तक्ते भरणे या मनाईत कुणी मोजले नाही. शिवाय केंद्रप्रमुखांची बरीच पदे वर्षानुवर्षे रिक्त राहिली आणि एकेकाकडे दोन-दोन केंद्रांचा कारभार आला.

तरीही ही कल्पना मुळातच अव्यवहार्य होती, असे मला म्हणवत नाही. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना बरोबर घेऊन ज्ञानरचनावादी अध्यापन रुजवले आणि राज्यभरातले शिक्षक ते वर्ग पाहायला गेले. तिथेही पद सरकारीच होते. फरक इतकाच, की ते पद वर्गात जाऊन बसले होते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळा संकुलाची कल्पना पुन्हा मांडली आहे आणि कोठारी आयोगाची ती सूचना अंमलात आली नाही, अशी कबुलीही दिली आहे. संकुल म्हणजे कमी पटाच्या शाळा बंद करण्याची पळवाट ठरू नये, ही पालकांची आणि शिक्षकांची भीती रास्त आहे. माझी भीती आणखी एक आहे. आपण पुन्हा पद निर्माण करू, फलक लावू, आणि त्या माणसाला वेळ द्यायला विसरू. त्याच्या आठवड्यातले निदान दोन दिवस कुठल्याही कागदासाठी मागू नयेत, एवढा एक नियम केला तरी बरेच साधेल.

मी निवृत्त झालो तेव्हा त्या बाई मुख्याध्यापिका झाल्या होत्या. निरोप समारंभात त्यांनी मला काड्यांचा एक गठ्ठा दिला, रबराने बांधलेला. मोजून दहा. तो डायऱ्यांच्या शेजारीच ठेवला आहे.